ग्रेसनआईची भाविक विहीर

या, असे जवळ सरका. तिकडे दाराशी बसलात तर ऐकू यायचं नाही, माझा आवाज आता पूर्वीसारखा लांब जात नाही. अकरा विहिरींची गोष्ट सांगतो. खरं तर दहाच म्हणायला हव्यात. अकरावी मेली होती, आणि मेल्यावरही मान हलवत राहिली, ती का, ते सांगतो. कंटाळा आला तर मधेच उठून जा, मला राग नाही. पण शेवटी एक मागणं मागणार आहे, तेवढ्याला थांबलात तर बरं.

मी ओथा पेटवे. चाळीस वर्षं पंपवाला होतो. रोज सकाळी एकेका तेलविहिरीवर जायचं, घोडा नीट चालतोय ना बघायचं. ते लोखंडी धूड मान खालीवर करत तेल उपसतं, त्याला आम्ही घोडाच म्हणतो. मग शिडी चढून टाकीचं झाकण उघडायचं, पट्टी सोडायची, तेल किती फूट किती इंच चढलं ते कागदावर लिहायचं आणि खाली सही ठोकायची. तेलाखाली पाणी किती साचलंय ते बघायला एक पितळी नळी दोरीनं तळाशी सोडतात, तिचं नाव चोर. टाकीच्या झाकणालासुद्धा चोरझाकण म्हणतात. गंमत बघा, अख्ख्या धंद्यात कधी खोटं न बोलणारा तो एकटा, आणि बिचाऱ्याचं नाव चोर!

विहिरी लेमुएल टॉलिव्हरच्या. त्याच्या वडलांनी त्याच्या हाती अकरा ठेवल्या, आणि त्यानं त्या अकराच्या अकरा जपल्या. मोठ्या कंपन्यांच्या हिशेबी त्या विहिरी म्हणजे टाकीच्या तळाचा गाळ. कुठे दिवसाला तीन पिंपं, कुठे एक. पण पेकन बॉटममध्ये, आमच्या काळ्या माणसांच्या गावात, स्वतःच्या विहिरी असलेला माणूस एकच होता. तो त्यांची यादी गाण्याच्या वहीच्या पुठ्ठ्यात घडी करून ठेवायचा. वर ठळक अक्षरात 'चालू विहिरी', खाली जमिनीच्या मालकांच्या नावानं एकेक: बॅटल एक, बॅटल दोन, मॅकिन्टॉश एक... आणि सगळ्यांत शेवटी, ग्रेसन एक.

लेमुएल आणि मी शाळेत एका बाकावर. माझ्या सहीतल्या पहिल्या गोल अक्षराच्या पोटात मी एक ठिपका देतो, लहानपणची खोड. तो म्हणायचा, "ओथ्या, ही सही नाही रे, वरून बघितलेली विहीर आहे." चर्चमध्ये तो डीकन, म्हणजे मंडळीचा कारभारी. भजनाची ओळ आधी तो एकटा उचलायचा, मग खालच्या पट्टीत मी ती धरायचो, आणि मग सारी मंडळी. बत्तीस वर्षं अशी गेली. रेव्हरंड आयझम बॅटल म्हणायचे, "लेमुएल छप्पर घालतो, ओथा जोतं घालतो, आपण सगळे मधे राहायला."

रेव्हरंडांचं प्रवचन तुम्ही ऐकलं नाहीत, तुमचं नुकसान. सुरुवात अगदी शेजाऱ्याशी बोलल्यासारखी. मग एखादा शब्द जरा लांबायचा, दुसरा त्याला टेकायचा, आणि कुठे बोलणं संपलं नि कुठे गाणं लागलं ते कळायच्या आत तुमचा पाय ठेका धरून असायचा. दर ओळीला मंडळी म्हणणार, "सांगा, सांगा!" मी तर असा बावळट की आठवडाभर विहिरींवर तेच गुणगुणत फिरायचो. घोड्यांनाही तोंडपाठ झालं असेल.

माझी बायको व्हर्लीन गेली त्याच्या आदल्या वर्षीच्या वसंतातली गोष्ट. माझे गुडघे गेले होते. लेमुएल एके दिवशी म्हणाला, "ग्रेसनची शिडी सगळ्यांत उंच. ती विहीर मी बघतो रोज. तू दहा सांभाळ."

"तू? तुला तर उंचीची भीती."

"देवाचं नाव घेईन आणि चढेन. घरी व्हर्लीन आजारी, तुझे गुडघे असे. मित्र कशाला असतो रे?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. घरी जाऊन व्हर्लीनला सांगितलं. ती म्हणाली, "या माणसाला देव सोन्याच्या खुर्चीत बसवेल." पुढच्या मार्चमध्ये ती गेली. शवपेटीची पुढची उजवी कडी लेमुएलच्या हातात होती.

आता ग्रेसनआई. आर्झेला ग्रेसन, ऐंशी पार केलेली, चर्चमध्ये सगळ्यांची आई. जमीन तिच्या आजोबाला वाटणीत मिळालेली. घरामागे पाण्याची विहीर, आजोबानं हातानं खणलेली, आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर तेलाची, ग्रेसन एक. करार असा की तेल निघतंय तोवर विहीर लेमुएलची. तेल थांबलं की तिच्यात तळापर्यंत सिमेंट भरून तोंड बुजवायचं आणि जमीन परत द्यायची. का, तर मेलेली विहीर उघडी राहिली की खालचं खारं पाणी वर चढतं, गंजलेल्या नळीतून बाजूला मुरतं आणि गोड्या पाण्यात शिरतं. म्हणून ग्रेसनआईनं माझ्याकडून फार वर्षांपूर्वीच वचन घेतलं होतं. "ओथा, मला मशीन कळत नाही, माणूस कळतो. ही ज्या दिवशी मरेल त्या दिवशी मला तू सांगायचंस. लेमुएल नाही. तू."

"पहिलं तुम्हालाच सांगेन, आई."

रविवारी उपासनेनंतर मी तिला माझ्या ट्रकमधून घरी सोडायचो. वळणावरून घोडा दिसायचा. हळूहळू मान हलवतोय, एकदम शिस्तीत. व्हर्लीन गेली त्या उन्हाळ्यात एकदा ग्रेसनआई म्हणाली, "ओथा, माझी विहीर मोठी भाविक झालीय हं. फक्त रविवारी काम करते."

"म्हणजे?"

"सोमवार ते शनिवार मुकाट. रविवारी आपण आलो की सुरू. आपल्या काही डीकनांचंही असंच असतं म्हणा."

मी पोट धरून हसलो. मग जाणत्यासारखं समजावलं. "आई, लहान विहिरीला घड्याळ लावतात. थोडा वेळ उपसायची, थोडा वेळ भरू द्यायची. पहाटे तुम्ही झोपेत असता तेव्हा चालत असेल."

"मी पहाटे झोपेत? ऐंशी वर्षांत कोणी पाहिलंय मला पहाटे झोपेत?"

"मग दुपारी वामकुक्षीत."

"तू म्हणतोस तर तसं असेल," ती म्हणाली. तू म्हणतोस तर. तिनं विश्वास घड्याळावर नाही, माझ्यावर टाकला होता.

त्या सप्टेंबरात तिनं मला जेवायला ठेवून घेतलं. मक्याचा पाव, भेंडी, आणि चवळी. चवळी कडकड वाजली दाताखाली. ती ओशाळली. "सकाळपासून चुलीवर आहे रे. हल्ली शिजतच नाही मेली. बी बदललं, तरी नाही. म्हातारीचा हात गेला."

मी पाणी प्यालो. जड लागलं. चवळी शिजत नाही याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो, पाणी खारं व्हायला लागलंय. मला कळायला हवं होतं. पण मनात म्हटलं, विहीर चालू आहे, मी दर रविवारी डोळ्यांनी बघतोय, लेमुएल स्वतः बघतोय. दुसरं काही असेल. आणि वर तिलाच म्हणालो, "आई, रात्रभर भिजवत चला." चाळीस वर्षांचा पंपवाला मी, आणि एका म्हातारीला चवळी भिजवायला शिकवून आलो.

ऑक्टोबरात लेमुएलनं सांगितलं, विहिरी विकतोय. सगळ्या एकगठ्ठा, अकरा चालू विहिरी. घेणारी कंपनी कुठली तरी लांबची, नाव ऐकलेलं नाही. चर्चमध्ये टाळ्या झाल्या. शुक्रवारी कंपनीचा स्टिडम नावाचा माणूस आला, नवे बूट घालून. त्याला माझ्याबरोबर टाक्या मोजायच्या होत्या. दहा झाल्या, वहीत आणि टाकीत इंचाचा फरक नाही. तो म्हणाला, "पेटवेसाहेब, तुमच्यासारखं काम हल्ली दिसत नाही." मी फुललो.

मग ग्रेसन एक. घोडा थांबलेला. गुडघ्यांना शिव्या घालत मी शिडी चढलो. चोरझाकणाच्या बिजागरीवर गांधीलमाश्यांचं घरटं. एवढं मोठं, वाळून करडं झालेलं, माश्या कधीच उडून गेलेल्या. मी वरच्या पायरीवर तसाच उभा राहिलो. रोज उघडणाऱ्या झाकणावर घरटं होत नाही.

घरटं खरवडून झाकण उघडलं. चोर खाली सोडला. तळाला लागल्याचा आवाज आला, टण्ण, रिकाम्या हंड्यात चमचा पडावा तसा. वर ओढला तर आत चिमूटभर गंज.

"काय म्हणतो तुमचा चोर?" खालून स्टिडम.

खाली उतरलो आणि म्हटलं, "या विहिरीचे कागद दाखवा." त्यानं जीपमधून काढून दिले. दीड वर्षाचे, रोजचे. चार फूट एक इंच. चार फूट दोन इंच. आणि प्रत्येक ओळीखाली सही माझी. गोलाच्या पोटात ठिपका.

कागद उलटत गेलो. मार्च. चौदा तारीख. चार फूट दोन इंच, ओ. पी.

चौदा मार्चला मी कुठल्याही शिडीवर नव्हतो. चौदा मार्चला आम्ही व्हर्लीनला पुरलं. सकाळभर लेमुएलचा हात पेटीच्या कडीवर होता, दुपारी माझ्या खांद्यावर. म्हणजे संध्याकाळी घरी जाऊन, काळा कोट खुंटीला अडकवून, त्याच हातानं त्यानं माझी सही केली, आणि ठिपका द्यायला विसरला नाही.

स्टिडम म्हणाला, "काही गडबड आहे का? कागदावर चालू असली की आम्हाला पुरे. तुम्ही फक्त सोमवारी शेवटची सही करा, की अकराही तुम्ही स्वतः मोजल्या. मग जबाबदारी आमची."

"आणि तुम्ही ही बुजवाल?"

तो हसला. बुटावरची धूळ झटकली. कळलं मला. अशा कंपनीला पुढच्या वर्षी शोधायला गेलं तर पत्त्यावर दुसऱ्याच कोणाचं दुकान असतं.

चौदा मार्चचा कागद मी खिशात घातला, आणि तो गेल्यावर मोटरची पेटी उघडली. आत घड्याळ, त्याला आठवड्याच्या सात दिवसांची तबकडी, कडेनं खुंट्या. खुंटी आत ढकललेली असेल तेवढा वेळ घोडा चालतो. सहा दिवसांच्या सगळ्या खुंट्या बाहेर होत्या. आत फक्त रविवारच्या दोन. साडेबारा ते दीड. आम्ही वळणावर यायचो ती वेळ. मी कळ दाबून बघितली. घोडा डोलायला लागला, हलका, पोटात ओझं नसल्यासारखा. खालची सळई केव्हाच तुटलेली होती. तेल काही निघत नव्हतं. दीड वर्ष तो घोडा माझ्यासाठी मान हलवत होता, फक्त माझ्यासाठी.

शनिवारी सकाळी लेमुएल चर्चच्या अंगणात मासे तळत होता, दुसऱ्या दिवशीच्या पंगतीचे. एप्रन, कपाळावर मक्याचं पीठ.

"ये रे पंपवाल्या! हा बघ, तुझ्यासाठी शेपटीचा ठेवलाय."

"ग्रेसनवर गांधीलमाश्यांनी घर केलंय, लेमुएल."

झारा कढईवर तसाच राहिला. मग त्यानं मासा उलटला. "स्टिडमनं पाहिलं?"

बघा, पहिला प्रश्न हा.

"माझी सही का केलीस?"

"कारण तुझ्या सहीवर कोणी शंका घेत नाही. माझ्यावर घेतात. तुझा मानच आहे रे त्यात."

"मान? आणि माझे गुडघे? ती दया?"

"तुझे गुडघे खरंच दुखत होते!" तो चिडला. "हे बघ, ती एक मेली म्हटलं की बुजवायला आली. बुजवायच्या खर्चाला चांगल्या दोन विकाव्या लागतात. मग बाकीच्या ओढल्या जातात. बाबांनी अकरा दिल्या होत्या. मी दहाचा माणूस म्हणून मरू? एक सही, ओथ्या. सोमवारी एक सही, मग ती विहीर आपली नाहीच."

"ग्रेसनआईची चवळी शिजत नाही."

"काय?"

"तिचं पाणी गेलंय."

त्यानं खाली बघितलं. त्याला माहीत होतं. चेहऱ्यावरून कळलं, त्याला माझ्याही आधीपासून माहीत होतं. हळू आवाजात म्हणाला, "ती ऐंशीची आहे रे. अजून किती दिवस पिणार आहे?"

तोवर मी त्याला क्षमा करायच्या बेतात होतो. खरंच सांगतो. मासा तसाच ठेवून निघालो. मागून तो म्हणाला, "चौदा मार्चला तुझ्याजवळ कोण होतं, विसरू नकोस."

मी म्हटलं, "नाही विसरत. तुझ्या हातचं लिहिलेलं आहे माझ्याकडे."

ग्रेसनआई ओसरीवर झुलत्या खुर्चीत अक्रोडासारखे पेकन फोडत बसली होती. मी चोर हातात घेऊन गेलो होतो. तिच्या पायाशी बसलो, नळी तिच्या तळहातावर उपडी केली. चिमूटभर गंज पडला.

"आई, तुमची विहीर मेली."

"केव्हा?"

"दीड वर्ष झालं."

तिनं गंज बोटानं चोळून बघितला. "म्हणजे चालू ती विहीर नव्हती, चालू लेमुएल होता."

मला हसू आलं नाही. म्हटलं, "मी पहिलं तुम्हाला सांगेन म्हणालो होतो."

"सांगितलंस की." तळहातावरचा गंज झटकत म्हणाली, "उशिरा सांगितलंस. मी तुला सांगितलं होतं, ओथा. रविवारी चालते म्हणून. तू हसलास."

"हसलो, आई."

"चवळी भिजवायला सांगितलीस."

"सांगितली."

ती पुन्हा पेकन फोडायला लागली. बऱ्याच वेळानं एक गर माझ्या हातावर ठेवला. तिची क्षमा ती तेवढीच, आणि मला तेवढ्यानं रडू फुटलं.

रविवारी लेमुएल नेहमीच्या जागी उभा राहिला आणि त्यानं ओळ उचलली. काय आवाज होता त्याचा! देवानं आवाज देताना माणूस तपासला नाही, एवढीच एक तक्रार आहे माझी. ओळ वर गेली, तिथे थांबली, खालून माझी वाट बघत. मी तोंड उघडलं नाही. ओळ तशीच लोंबकळली. त्यानं पुन्हा उचलली. पुन्हा मी गप्प. मंडळी माना वळवून बघायला लागली. तिसऱ्या वेळी ग्रेसनआईनं आपल्या फुटक्या आवाजात ती धरली, आणि कसंबसं भजन पार पडलं.

रेव्हरंडांना काही माहीत नव्हतं. पण त्या दिवशी ते झाकणांवर बोलले. आधी साधंच, कुणाच्या घरी कुठल्या डब्यात काय असतं. मग सूर लागला. "माणूस झाकतो, हो! पोळी झाकतो, भोक झाकतो, मेलेलं झाकतो, हो! पण एक येतो, एक येतो, ज्याला शिडी लागत नाही..." "सांगा, सांगा!" सगळे उठले होते. मी बसून होतो. ते गाणं माझ्यासाठी लागलंय की लेमुएलसाठी, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. हसलो तर मीही होतोच ना.

सोमवारी स्टिडमपुढे सही केली. दहा विहिरींपुढे इंच लिहिले. अकरावीपुढे लिहिलं: कोरडी, मेलेली, दीड वर्षांच्या सह्या माझ्या नाहीत. आणि कुणाला चोरता येऊ नये म्हणून यावेळी ठिपका न देता पूर्ण नाव लिहिलं. एक प्रत राज्याच्या कचेरीत नेऊन दिली. कंपनी परत दिसली नाही. लेमुएलला चांगल्या दोन विकून ग्रेसन एक बुजवावी लागली. मग बाकीच्या ओढल्या गेल्या, तो म्हणाला होता तशाच. वसंतात तो बहिणीकडे कॅन्ससला निघून गेला. गाण्याची वही बाकावरच राहिली. यादी अजून पुठ्ठ्यात आहे, अकराच्या अकरा.

सिमेंट तळापर्यंत गेलं, मी उभा राहून मोजलं. पण पाणी काही गोड झालं नाही. ग्रेसनआई पाच वर्षं आणखी जगली. लेमुएलला चुकीचं ठरवायला जगली म्हणायची. पाच वर्षं मी चर्चच्या नळाचं पाणी तिच्याकडे पोहोचवलं, दर दुसऱ्या दिवशी दोन कॅन. त्या पाण्यात चवळी शिजायची. पहिल्या वेळी शिजली तेव्हा तिनं ताट पुढे करून विचारलं, "कशी झालीय?" मी म्हटलं, लोणी. ती म्हणाली, "भिजवली नव्हती."

झाली गोष्ट. आता ते मागणं.

ग्रेसनआईला माझ्या प्रार्थनेची गरज नाही. ती देवाघरी चुलीपुढे बसून देवालाच काहीबाही सुनावत असेल. व्हर्लीनचं नाव मी रोज घेतो. राहिला एक. तो कॅन्ससला गेला त्याच वर्षी वारला. शेवटी त्याच्यापाशी कोण होतं, मला ठाऊक नाही. रोज प्रार्थनेला बसतो, नावं घेत घेत तिथवर येतो, आणि जीभ अडते. चौदा मार्च आडवा येतो. रेव्हरंडही आता नाहीत, पण ते होते तेव्हा त्यांना सांगून बघितलं होतं. ते म्हणाले, "तुला जमत नसेल तर दुसऱ्या कुणाच्या तोंडी दे."

तर तुम्ही आज झोपण्यापूर्वी हात जोडाल, तेव्हा त्याचं नाव घ्या. लेमुएल टॉलिव्हर. आवाज फार गोड होता त्याचा. तेवढं लक्षात ठेवा.